शेजारच्या लेनमधला चेहरा

अँड्र्यू बुश या अमेरिकन छायाचित्रकाराचं 'ड्राइव्ह' हे पुस्तक चाळताना पहिल्या काही पानांतच लक्षात येतं, की इथे जवळपास एकच फोटो पुन्हा पुन्हा काढलेला आहे. गाडीची एक बाजू, खिडकीची चौकट, आणि त्या चौकटीत स्टिअरिंग धरून बसलेला एक माणूस. मागे दक्षिण कॅलिफोर्नियाचं कोरडं आकाश किंवा वेगामुळे पुसट झालेला रस्त्याचा काठ. माणसं बदलतात, गाड्या बदलतात, बाकी सगळं तेच. हे फोटो १९८९ ते १९९७ या काळातले आहेत आणि बहुतेक लॉस एंजेलिस आणि आसपासच्या रस्त्यांवरचे. पुस्तक २००८ साली आलं. मालिकेचं नाव 'व्हेक्टर पोर्ट्रेट्स'. व्हेक्टर म्हणजे आपण शाळेत शिकलो ती सदिश राशी, जिला परिमाणही असतं आणि दिशाही.

हे नाव नुसतं शोभेचं नाही. बुशनं आपल्या गाडीत शेजारच्या सीटच्या बाजूला मोठ्या फिल्मचा कॅमेरा आणि फ्लॅश बसवला होता. तो स्वतः गाडी चालवायचा, शेजारच्या लेनमधल्या गाडीच्या वेगाशी आपला वेग जुळवायचा आणि कळ दाबायचा. दोन्ही गाड्या ताशी साठ-सत्तर मैलांनी धावत असल्या, तरी एकमेकींच्या तुलनेत त्या जागच्या जागी उभ्या असतात. म्हणून चेहरा स्थिर आणि जग पुसट. भर दिवसा फ्लॅश वापरल्यामुळे गाडीच्या आतला अंधार उजळतो, आणि एरवी काचेवरच्या चकाकीमागे दडलेला माणूस दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवल्यासारखा दिसू लागतो. फोटोंची शीर्षकं लांबलचक आहेत: अमुक महामार्गावर, अमुक दिशेनं, ताशी सुमारे इतक्या मैलांच्या वेगानं जाणारा माणूस, अमुक साली, अमुक वेळी किंवा त्या सुमारास. पोलिसांच्या पंचनाम्यात शोभावी अशी भाषा. वेग ठाऊक, दिशा ठाऊक, वेळ ठाऊक; नाव मात्र ठाऊक नाही.

या फोटोंबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात एक शब्द हमखास येतो: एकटेपणा. महानगरातला एकाकी माणूस, पत्र्याच्या डब्यात बंद झालेला, शेजारून हजारो माणसं जात असताना कुणाशीच न बोलणारा. फ्रीवेवरच्या रोजच्या प्रवासाचा कुठलाही फोटो समोर आला की हे वाचन तयारच असतं. मला ते अपुरं वाटतं. त्याहून पुढे जाऊन म्हणेन, की या वाचनामुळे या फोटोंमधली महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. ती का आणि कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याला, म्हणजे मराठी वाचकांना, हे एकटेपणाचं वाचन फार पटकन पटतं. त्याला कारण आहे. आपल्या मनातला रोजचा प्रवास म्हणजे लोकल. चौथी सीट, दारातली लटकंती, डब्यातली भजनं, बायकांच्या डब्यात निवडली जाणारी भाजी आणि संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. आपल्याकडे कामावर जाणं ही गर्दीत करायची गोष्ट आहे. चार दरवाजांच्या गाडीत एकटा बसलेला माणूस दिसला, की आपण त्याला बिचारा म्हणून मोकळे होतो.

मी गेली अकरा वर्षं पोमोनाच्या बाजूनं लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात कामाला जातो. दहा नंबरच्या फ्रीवेनं, एका दिशेला चाळीसेक मैल, सकाळी साधारण दीड तास आणि संध्याकाळी तितकाच. त्या अनुभवावरून सांगतो, शेजारच्या लेनमध्ये जे चेहरे दिसतात ते सहसा बिचारे नसतात. एल मॉन्टेच्या आसपास गाड्या तुंबल्या की आरसा खाली ओढून पापण्या रंगवणारी बाई दिसते. गुडघ्यावर कागद पसरून बरिटो खाणारा दिसतो. स्टिअरिंगवर ताल धरून, तोंड वासून गाणारा दिसतो. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो कसा गातो हा प्रश्न उरत नाही. एकदा एक बाई रडताना दिसली. मी मान वळवली. तुंबलेल्या फ्रीवेवर हा अलिखित शिष्टाचार आहे: नजर जाते, पण थांबत नाही.

या माणसांमध्ये सारखं काय असतं? तर कुणासाठीही तयार न केलेला चेहरा. घरी आपण कुणाचे तरी आई-बाप, नवरा-बायको असतो, कामावर कुणाचे तरी हाताखालचे किंवा वरचे. या दोन्हींच्या मधल्या तासात चेहऱ्याला कुणाला उत्तर द्यायचं नसतं. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पाच माणसांसोबत राहणाऱ्याला गाडी ही एकमेव स्वतंत्र खोली असू शकते. बुशच्या फोटोंतली माणसं पुन्हा बघा. बरीचशी समोर पाहत असतात, जबडा सैल, डोळे रस्त्यावर आणि मन भलतीकडे. काही जणांना कॅमेऱ्याची चाहूल लागलेली आहे आणि ते थेट बघतात, काहीसे चिडून, काहीसे कुतूहलानं. एकटेपणाचं दुःख सांगणारा चेहरा मात्र मला शोधूनच काढावा लागतो. मला दिसतो तो मोकळेपणा, आणि तो फोटोत पकडला गेल्यामुळे येणारं अवघडलेपण.

माइक मँडेलचे फोटो शेजारी ठेवले की हे आणखी स्पष्ट होतं. १९७० साली, विद्यार्थिदशेत, मँडेल लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका चौकात उभा राहिला आणि वळणाऱ्या गाड्यांमधल्या माणसांचे जवळून, रुंद भिंगानं फोटो काढले. 'पीपल इन कार्स' ही ती मालिका. कलत्या उन्हात खिडक्या उघड्या आहेत, कोपरं बाहेर आहेत, आणि लोक हसतायत, जीभ काढतायत, हात करतायत. गाडीतला माणूस मुळातच एकाकी असता, तर एका अनोळखी पोरानं कॅमेरा रोखल्याबरोबर इतका खुलला नसता. मँडेल जमिनीवर, उघडपणे उभा होता. लोकांना तो दिसत होता, आणि त्यांनी उत्तर दिलं. छायाचित्रकार कुठे आणि कसा उभा आहे, यावर आपल्याला कुठला चेहरा दिसेल हे ठरतं. माझ्या मते फ्रीवेच्या छायाचित्रणातला हाच कळीचा मुद्दा आहे.

वॉकर एव्हान्सनं १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो काढले, तेव्हा कॅमेरा कोटाखाली लपवला होता. ते फोटो 'मेनी आर कॉल्ड' या नावानं पुस्तकरूपात यायला १९६६ साल उजाडलं. पाव शतकाच्या त्या अंतरामुळे चेहऱ्यांना एक आडोसा मिळाला. मिखाएल वोल्फनं 'टोक्यो कम्प्रेशन'मध्ये फलाटावर उभं राहून गच्च भरलेल्या गाडीच्या काचेला चिकटलेले चेहरे टिपले. काचेवर वाफ धरलेली, गाल चेपलेला, हात हलवायला जागा नाही. कुणी डोळे मिटून घेतं, कुणी तळहात काचेवर धरून चेहरा झाकायला बघतं. ते फोटो विलक्षण परिणामकारक आहेत आणि मला ते बघवत नाहीत. फोटो काढणाऱ्याला बाजूला होता येत होतं, आतल्याला नाही. त्यांची ताकद याच विषमतेतून आलेली आहे.

या तुलनेत बुशची जागा वेगळी आहे. तोही गाडीत आहे, तोही त्याच रस्त्यावर आहे, त्यालाही समोर बघावं लागतंय. त्याचा वेग हा त्याच्या विषयाचाच वेग आहे. दुसऱ्यानं गॅसवर पाय दिला की फोटो संपला. त्यामुळे त्याची चोरी निदान बरोबरीच्या पातळीवरची चोरी आहे. ती चोरी आहेच, हे मात्र नाकारता येत नाही. शेजारच्या गाडीतून अचानक फ्लॅश डोळ्यांवर आला तर माणूस दचकणार, आणि सत्तर मैलांच्या वेगात दचकणं ही साधी गोष्ट नव्हे. आज कॅलिफोर्नियात गाडी चालवताना हातात फोन धरून फोटो काढणं बेकायदा आहे. २०१७ पासून त्याबाबतचा नियम स्पष्ट आहे. बुशचं काम आज कुणी करू पाहिलं, तर कलेआधी वाहतूक पोलिसाशी गाठ पडेल.

माझी बुशबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे. त्याच्या शीर्षकांत वेळ आहे, वेग आहे, दिशा आहे. नसलेली गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. हा माणूस इथून कालही गेला होता का? उद्या जाणार आहे का? कामाला चाललाय की समुद्रावर? फोटो सांगत नाही, आणि सांगू पाहतही नाही. या मालिकेत नोकरीवर जाणारा आणि सहलीला निघालेला सारखेच दिसतात.

हा फरक लहान वाटेल, पण अमेरिकन छायाचित्रणाच्या संदर्भात तो फार मोठा आहे. गाडी आणि रस्ता हा तिथला लाडका विषय. रॉबर्ट फ्रँकनं १९५५-५६ मध्ये देशभर गाडी हाकत 'द अमेरिकन्स'चे फोटो काढले. ली फ्रीडलँडरनं भाड्याच्या गाड्यांमधून देश पालथा घातला आणि 'अमेरिका बाय कार'मध्ये खिडकी, आरसा, दरवाजाची कड यांच्या चौकटींत बाहेरचं जग बसवलं. २०१० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यातले १९२ फोटो लागले होते. फ्रीडलँडरच्या फोटोंत डॅशबोर्ड आणि आरसा इतके पुढे येतात, की गाडीतून पाहणं म्हणजे किती अडथळ्यांतून पाहणं असतं हे समजतं. पण ही सगळी दूर जाण्याची छायाचित्रं आहेत. पुढच्या वळणावर काहीतरी नवं दिसेल, या आशेवर ती उभी आहेत. रोज कामावर जाणाऱ्याला पुढच्या वळणावर काय आहे हे पाठ असतं. कुठल्या पुलाखाली गाड्या तुंबतात, कुठली लेन पुढे बंद होते, कुठे सूर्य थेट डोळ्यांवर येतो, हे त्याला जिन्यातल्या पायऱ्यांसारखं ठाऊक असतं. फ्रँक आणि फ्रीडलँडरच्या परंपरेकडे या माणसासाठी भाषा नाही, कारण ती परंपरा निघून जाणाऱ्यांची आहे आणि हा संध्याकाळी परत येणारा आहे.

कॅथरीन ओपीनं हा प्रश्न वेगळ्याच बाजूनं घेतला. १९९४-९५ मध्ये तिनं लॉस एंजेलिसच्या फ्रीवेंचे फोटो काढले, आणि ते बघितल्यावर पहिला धक्का आकाराचा बसतो. सव्वादोन इंच उंच आणि पावणेसात इंच रुंद. इतक्या अवाढव्य काँक्रीटचे इतके चिमुकले प्रिंट, तेही प्लॅटिनमचे, एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंसारख्या मऊ राखाडी छटांचे. बघायला वाकावं लागतं. दुसरा धक्का म्हणजे रस्ते रिकामे आहेत. गाडी नाही, माणूस नाही. खालून वर पाहिलेले खांब, एकमेकांवरून वळणारे पूल, आणि वर आकाश. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सांता मोनिका फ्रीवेचा काही भाग कोसळला होता; त्यानंतर लगेचच्या काळातले हे फोटो आहेत. हे पूल कायमचे नाहीत हे शहरानं नुकतंच पाहिलं होतं.

लक्षात घेण्यासारखं हे, की याच काळात ओपी तिच्या समलिंगी आणि लिंगभेदाच्या चौकटी न मानणाऱ्या मित्रमंडळींची मोठी रंगीत व्यक्तिचित्रं काढत होती. जुन्या युरोपीय दरबारी चित्रांसारखी, गडद सपाट पार्श्वभूमीवर, ताठ मानेनं पाहणारी माणसं. म्हणजे जिला माणसाच्या चेहऱ्याची ताकद पुरेपूर माहीत आहे, तिनं फ्रीवेपाशी येऊन चेहरा काढून टाकला. हा निर्णय मला धाडसी वाटतो. रोज वापरून दिसेनाशी झालेली वस्तू दिसावी म्हणून तिनं वापरणाऱ्यांनाच हटवलं. दहा नंबरचा फ्रीवे अकरा वर्षं चाकांखाली असूनही त्याला पोट असतं, खांबांना वळण असतं, हे मला ओपीच्या फोटोंमुळे दिसलं. फ्रीवेवरून जाताना फ्रीवे दिसत नाही. दिसतो तो पुढच्या गाडीचा मागचा दिवा.

पण मग मला एक प्रश्न पडतो. ओपीच्या या मालिकेचं नातं मॅक्झिम द्यु कां यानं १८४९ ते १८५१ या काळात इजिप्तमध्ये काढलेल्या स्मारकांच्या फोटोंशी नेहमी सांगितलं जातं. फ्रीवे म्हणजे आपल्या काळाचे पिरॅमिड, असं ते म्हणणं. गंमत अशी, की द्यु कांच्या कित्येक फोटोंत एक माणूस आहे. त्याच्या बोटीवरच्या एका खलाशाला तो दगडावर उभा करायचा, म्हणजे वास्तू केवढी मोठी आहे हे कळावं. ओपीच्या फ्रीवेंवर मापासाठीसुद्धा कुणी नाही. त्यामुळे ते सुंदर होतात आणि निरपराधही होतात.

ते निरपराध नाहीत. मी रोज ज्या रस्त्यानं जातो त्याचंच सांगतो. डाउनटाउनच्या पूर्वेला बॉयल हाइट्स ही वस्ती आहे, जिथे एकेकाळी ज्यू, जपानी, मेक्सिकन कुटुंबं शेजारी-शेजारी राहत होती. तिच्यावर आज पाच, दहा, साठ आणि एकशेएक या क्रमांकांच्या फ्रीवेंचा गुंता बसलेला आहे. हॉलेनबेक पार्कच्या तळ्याचा काठसुद्धा त्यातून सुटला नाही. तिथून पश्चिमेला गेलं की वेस्ट अॅडम्समध्ये शुगर हिल ही सुस्थितीतल्या कृष्णवर्णीयांची वस्ती होती. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिएल तिथे राहायची. कृष्णवर्णीयांना घरं विकायची नाहीत, अशा करारांविरुद्ध तिथल्या रहिवाशांनी १९४५ साली कोर्टात बाजी मारली. आणि १९६०च्या दशकात त्याच वस्तीला चिरत सांता मोनिका फ्रीवे गेला. बेव्हर्ली हिल्समधून जाणारा नियोजित फ्रीवे मात्र १९७०च्या दशकात बारगळला. कुणाच्या घरावरून रस्ता जातो आणि कुणाच्या घराशी येऊन अडतो, हे नकाशावर बघितलं की इतिहास वेगळा वाचावा लागत नाही. ओपीचा रिकामा फ्रीवे हे सांगत नाही. इतकी सुंदर राखाडी छटा मिळाल्यावर मला ती उणीव जास्तच जाणवते.

रस्ता कुणासाठी आणि अंतर कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न ज्याच्या फोटोंत थेट येतो तो आलेहांद्रो कार्ताहेना लॉस एंजेलिसचा नाही, मेक्सिकोतल्या मोंतेर्रेचा. तरी या चर्चेत तो आणावाच लागतो, कारण फ्रीवेवरच्या रोजच्या प्रवासावरचं इतकं नेमकं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. 'कारपूलर्स' ही मालिका २०११-१२ मधली. शहरातून जाणाऱ्या महामार्गावरच्या पुलावर कार्ताहेना वर्षभर पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि खालून जाणाऱ्या पिकअप ट्रकांचे फोटो सरळ वरून काढले. चौकट उभी. वर ट्रकच्या कॅबिनचं छप्पर, खाली उघडा हौदा. हौद्यात बांधकामावरचे आणि बागकामाचे मजूर, शिड्या, बादल्या, फळ्या, दोऱ्यांची भेंडोळी यांच्यामध्ये आडवे झालेले. कुणी झोपलंय, कुणी पांघरूण ओढलंय, कुणी टोपी तोंडावर घेतलीय. अवजारं आणि माणसं एकाच पद्धतीनं रचलेली.

हे फोटो एका आधीच्या कामातून उगवले. कार्ताहेनानं त्याआधी 'सबर्बिया मेक्सिकाना' या मालिकेत मोंतेर्रेभोवती रांगेनं उभ्या राहिलेल्या छोट्या, एकसारख्या घरांचे फोटो काढले होते. गृहकर्जांच्या आधारानं शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर घरं झाली. त्या घरांपासून कामापर्यंत नेणारी सार्वजनिक वाहतूक त्या प्रमाणात झाली नाही. मग मजुरानं काय करायचं? मालकाच्या किंवा मुकादमाच्या ट्रकच्या हौद्यात झोपून जायचं. एका मालिकेत घर, दुसऱ्या मालिकेत त्या घराची न लिहिलेली किंमत. 'कारपूलर्स' हे नावही नेमकं लागतं. माझ्याकडे दोन माणसं गाडीत असली की कारपूलची वेगळी लेन मिळते, आणि तो पर्यावरणाच्या भल्याचा उपक्रम मानला जातो. इथे सहा-सात जण एका हौद्यात असतात आणि त्याला उपक्रम म्हणत नाहीत.

आता बुशचे चेहरे पुन्हा आठवा. कुणासाठीही तयार न केलेला चेहरा, असं मी म्हटलं होतं. त्यासाठी काच लागते, दरवाजा लागतो, आपल्यापुरती जागा लागते. हौद्यातल्या मजुराला यातलं काही नाही, म्हणून तो टोपी तोंडावर ओढतो. ती टोपी म्हणजे त्याची खोली. एकटेपणाच्या वाचनानं झाकली जाणारी गोष्ट ती हीच: रोजच्या प्रवासात एकटं असता येणं ही शिक्षा नाही, ती सोय आहे, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. गाडीतल्या एकट्या माणसाची कीव करणाऱ्या समीक्षेला हा हौदा दिसत नाही.

कार्ताहेनावर घेता येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. वोल्फबद्दल मी जे म्हटलं ते इथे का लागू नाही? हाही वर उभा आहे, हाही झोपलेल्या माणसांचे फोटो न विचारता काढतो. आक्षेप खोटा नाही. तरी फरक आहे. हौद्यातले काही जण वर पाहतात. त्यांना तो दिसतो, आणि फोटोत त्यांची ती नजर ठेवलेली आहे. शिवाय कार्ताहेनाचा फोटो चेहऱ्याच्या वेदनेवर चालत नाही. तो संपूर्ण हौदा दाखवतो, माणूस आणि माल यांची मांडणी दाखवतो. असे कितीतरी फोटो जाळीसारखे शेजारी-शेजारी लावले की एकाचं दुःख बघण्याऐवजी आपण एक व्यवस्था बघू लागतो. पुनरावृत्ती, जी बुशकडे हरवली होती, इथे पद्धतीतच आहे.

तरीही एक गोष्ट उरते. एकाच माणसाची पुनरावृत्ती. ती मला फ्रीवेवर कुठेच सापडली नाही. सापडली न्यूयॉर्कच्या फुटपाथवर. पीटर फुंख या डॅनिश छायाचित्रकारानं २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षं ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळच्या एका कोपऱ्यावर सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान कामावर जाणाऱ्यांचे फोटो काढले, आणि मग त्यातून तीच माणसं पुन्हा शोधून जोड्या लावल्या. तोच माणूस, वेगळा दिवस, हातात तसाच कप, कपाळावर तशीच आठी. कधी शर्टसुद्धा तोच. '४२ अँड व्हँडरबिल्ट' हे त्याचं पुस्तक २०१७ मध्ये आलं. ते बघताना पहिल्यांदा हसू येतं आणि थोड्या वेळानं ते मावळतं. दोन फोटोंच्या मधल्या अदृश्य दिवसांची आपण मोजदाद करू लागतो.

ती मोजदाद मीही केली आहे. रोजचे तीन तास, वर्षाचे साधारण दोनशेवीस दिवस. सहाशेसाठ तास, म्हणजे दरवर्षी साडेसत्तावीस अख्खे दिवस-रात्री. अकरा वर्षांत दहा महिने. माझी मुलगी पहिलीत होती ती कॉलेजच्या उंबरठ्याशी आली, त्यातले दहा महिने मी दहा नंबरच्या फ्रीवेवर होतो. हे दुःख म्हणून सांगत नाही. माझ्याकडे काच होती, दरवाजा होता, गाणी होती, झोपायला हौदा नव्हता. पण हे दहा महिने दिसतात कसे, हे मला कुठल्याही फोटोनं अजून दाखवलेलं नाही.

गंमत म्हणजे या प्रवासाचं सगळ्यात तपशीलवार चित्रण करणारं यंत्र माझ्याच गाडीच्या काचेवर चिकटवलेलं आहे. डॅशकॅम रोज सगळं टिपतो. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. धक्का बसला, आदळआपट झाली, तरच तेवढा तुकडा तो वेगळा जपून ठेवतो. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं जपण्यासारखा प्रवास तो, ज्यात अपघात झाला. सुखरूप पोचलेले सगळे दिवस पुसण्यासाठीच टिपलेले. लॉस एंजेलिसला पासाडेनाशी जोडणारा आरोयो सेको पार्कवे १९४० च्या डिसेंबरात खुला झाला, त्याला आता आठ दशकांहून जास्त काळ लोटला. या काळात या रस्त्यांवरून गेलेल्या आयुष्यांपैकी बहुतेक सगळी याच पुसल्या जाणाऱ्या प्रकारची होती.

मला हवा असलेला छायाचित्रकार म्हणून असा दिसतो: बुशसारखा शेजारच्या लेनमध्ये, पण मँडेलसारखा उघड, कार्ताहेनासारखा रस्त्याखालच्या जमिनीचा हिशेब ठेवणारा, आणि फुंखसारखा त्याच माणसाकडे परत येणारा. त्याला फार मोठं काही करायचं नाही. माझ्या पुढे-मागे रोज सकाळी सहा चाळीसच्या सुमारास एक पांढरा ट्रक असतो, वर दोन शिड्या बांधलेल्या, डाव्या दाराला पोचा. चालकाच्या केसांत मधल्या काळात बरीच पांढरी आली. आम्ही एकमेकांना हात करत नाही. मधल्या वर्षांत शेजारची सीट रिकामी होती; गेल्या उन्हाळ्यापासून तिथे एक तरुण मुलगा बसतो, बहुधा मुलगा किंवा पुतण्या, डोकं काचेला टेकवून झोपलेला. या ट्रकचे पहिल्या वर्षीचा आणि अकराव्या वर्षीचा असे दोन फोटो कुणीतरी शेजारी-शेजारी लावून दाखवावेत, त्याला विचारून.